अनरिअल परत येईल का? आणि आला तर त्यातला कोणता यावा?

कैदी ८४९

‘अनरिअल’ हा खेळ १९९८ सालच्या मे महिन्यात बाजारात आला, तेव्हा मी इंदूरला अकरावीत शिकत होतो. रामबागेतल्या आमच्या घरी संगणक नव्हता, आणि राजेंद्रनगरला राहणाऱ्या मामेभावाकडे जो होता त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नव्हते. तरीही पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघांनी तो खेळ मिळून पूर्ण केला. एकाने कीबोर्ड सांभाळायचा आणि दुसऱ्याने माउस, अशी आमची वाटणी होती, आणि त्यामुळे आमचा कैदी भिंतींवर बराच आपटत असे.

ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कैद्यांना नेणारे ‘व्होर्टेक्स रायकर्स’ नावाचे यान एका परक्या ग्रहावर कोसळलेले असते आणि तुम्ही त्याच्या कोठडीत जागे होता. हातात शस्त्र नसते, जवळ कोणी जिवंत नसते, दिवे लुकलुकत असतात. तसेच चाचपडत तुम्ही यानाच्या बाहेर पडता, आणि समोर आभाळ, खोल दरी आणि कोसळणारा धबधबा. तोवर अशा खेळांत आम्ही फक्त बोळ आणि तळघरे पाहिली होती, त्यामुळे त्या क्षणी मामेभावाने माउस सोडून दिला आणि आम्ही कितीतरी वेळ नुसते पाहत बसलो.

आता मूळ मुद्दा. या मालिकेच्या पुनरागमनाची चर्चा जेव्हा जेव्हा होते, तेव्हा सगळे जण ‘टूर्नामेंट’बद्दलच, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायच्या तिच्या भागांबद्दलच बोलतात. चार मित्रांनी एकमेकांवर रॉकेट सोडण्याची मजा मला मान्य आहे, परंतु परत यायचे असेल तर ना पाली नावाचा तो ग्रह, ती शांतता आणि ते एकटेपण परत यावे, असे मला मनापासून वाटते. आपल्याला काय वाटते? आणि अशी आशा धरण्यात काही अर्थ आहे का?

सराफ्याची रात्र

शिळ्या कढीला ऊत आणण्याचा हा प्रकार आहे, परंतु कढी मला आवडते, म्हणून बसून घेतो.

ध्वजचोर

धागाकर्त्यांशी मी पूर्णपणे असहमत आहे, आणि त्याचे कारण विस्ताराने सांगतो.

२००१ ते २००४ या काळात पलासियाजवळच्या एका सायबर कॅफेत आठ संगणक होते. ते गोल कोएक्सियल केबलने एकमेकांना जोडलेले होते आणि केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लावावे लागत. त्यांतला एक जरी कोणाच्या पायाने निसटला, तरी आठही जणांचा खेळ एकदम थांबे आणि मग कोणाचा पाय होता यावर जी चर्चा चाले, ती खेळापेक्षा जास्त रंगत असे. तासाला वीस रुपये घेत. रात्री दहानंतर मालक शटर अर्धे ओढून घेई, आणि तिथून निघालेली मंडळी थेट सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खात.

आम्ही खेळत होतो ती १९९९ सालची ‘अनरिअल टूर्नामेंट’, आणि त्यातही ‘फेसिंग वर्ल्ड्स’ हाच नकाशा, म्हणजे लढायचे मैदान. अंतराळात तरंगणाऱ्या एका खडकावर समोरासमोर दोन उंच मनोरे, मध्ये लपायला जवळजवळ काहीच नाही, आणि दोन्ही बाजूंच्या माथ्यांवर दुर्बिणीची बंदूक घेऊन बसलेले लोक. त्या उघड्या वाटेवरून दुसऱ्याचा ध्वज पळवून आणायचा. मिखिल व्हॅन डेन बोस यांनी या नकाशासाठी केलेले संगीत आजही कुठे ऐकले की माझी मान आपोआप वर, मनोऱ्याच्या टोकाकडे वळते.

हा खेळ एकट्याने खेळतानाही समोर माणसे असल्यासारखे वाटे, याचे श्रेय बॉटना, म्हणजे संगणकच चालवतो त्या खेळाडूंना आहे. ते लिहिणारे स्टीव्हन पोल्गे यांनी त्याआधी ‘क्वेक’ या दुसऱ्या नेमबाजीच्या खेळासाठी ‘रीपर’ हा बॉट स्वतःच्या हौसेने लिहिला होता आणि पुढे ते ‘अनरिअल’ काढणाऱ्या एपिक या कंपनीत गेले. त्यामुळे धागाकर्त्यांचे एकटेपण त्यांना लखलाभ असो. मालिका परत येणार असेल, तर ती आठ जणांसाठी यावी.

शेवबुंदी

एक शंका. मूळ खेळात स्त्री किंवा पुरुष, कोणतेही रूप निवडता येत होते, आणि माझा कैदी ८४९ ही स्त्री होती. धागाकर्त्यांनी ते नाव परस्पर बळकावले आहे, याची नोंद घ्यावी.

बाकी मी त्यांच्याच बाजूची आहे, फक्त ‘एकटेपण’ हा शब्द मला पटत नाही. ना पालीवर आपण एकटे कुठे असतो? चार हातांचे ते नाली असतातच. स्कार्ज लोकांनी त्यांना गुलाम करून खाणींत जुंपलेले असते, आणि आपण त्यांना इजा केली नाही तर ते हाताने खुणावून आपल्याला लपवलेल्या औषधांपर्यंत घेऊन जातात. शिवाय आपल्याजवळ एक भाषांतरयंत्र असते. त्यावर मेलेल्या खलाशांच्या नोंदी आणि नालींच्या भिंतींवरचे मजकूर वाचता येतात. कोणी कथा सांगायला येत नाही, मध्येच चित्रपट सुरू होत नाही. एखादा माणूस डायरीत लिहितो की दाराबाहेर आवाज येत आहेत, आणि ते दार आपण आत्ताच ओलांडून आलेलो असतो.

माझा धाकटा भाऊ पहिल्याच दिवशी एका नालीला गोळी घालून पुढे गेला होता. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

कैदी ८४९

शेवबुंदीताई, नावाबद्दल क्षमस्व. एकटेपणाबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे, मला बहुधा ‘कोणी सूचना देत नाही’ असे म्हणायचे होते.

राजिगर खाणीतला तो बोळ आपल्याला आठवत असेलच. आपण आत शिरतो, आणि दिवे एकेक करून विझत जातात. शेवटचा विझल्यावर काही क्षण काहीच घडत नाही. पहिला स्कार्ज त्यानंतर येतो. तो आपण सोडलेली गोळी पाहून बाजूला उडी मारतो, आणि त्या काळी शत्रूने असे करणे हे आमच्या हिशेबात अजिबात बसत नव्हते. मामेभावाने त्या वेळी कीबोर्डवरची नेमकी कोणती कळ दाबली हे आजवर कळलेले नाही, पण खेळ बंद पडला होता.

निवृत्त प्रोग्रामर

आपण सर्व जण ‘यावा’ याबद्दल बोलत आहात, तर मी ‘येईल का’ याबद्दल लिहितो, कारण माझ्या मते तो प्रश्न भावनेचा नसून हिशेबाचा आहे.

हा खेळ एपिक मेगागेम्स आणि कॅनडातील डिजिटल एक्स्ट्रीम्स यांनी मिळून केला. त्यातून एपिकच्या हाती दोन वस्तू लागल्या, एक म्हणजे खेळ आणि दुसरी म्हणजे तो ज्यावर चालतो ते इंजिन. इंजिन इतरांना परवान्याने देता येते हे त्यांना लवकरच कळले, आणि २००० सालचा ‘डेअस एक्स’ हा त्याच इंजिनावर उभा राहिला. आज तर अनरिअल इंजिन चित्रपटांच्या सेटवरही वापरतात. म्हणजे ‘अनरिअल’ हे नाव कधीच मेले नाही, मेला तो फक्त खेळ. मालक तोट्यात असता तर जुने नाव विकून त्याने चार पैसे केले असते, परंतु इथे मालकाला त्याची गरजच नाही.

प्रयत्न झाला नाही असेही नाही. २००७ साली ‘टूर्नामेंट ३’ आला. त्यानंतर २०१४ साली एपिकने नवी ‘टूर्नामेंट’ जाहीर केली, ती पूर्णपणे मोफत असेल आणि खेळाडूंच्या सहभागाने, सर्वांसमोर उघडपणे घडवली जाईल असे सांगितले, आणि लोकांनी खरोखर त्यासाठी नकाशे व शस्त्रे तयार करून दिली. २०१७ साली एपिकच्याच ‘फोर्टनाइट’ने जे यश मिळवले, त्यानंतर माणसे तिकडे वळली आणि २०१८ च्या अखेरीस काम थांबल्याचे कंपनीने सांगून टाकले. रोज सोन्याचे अंडे देणारी कोंबडी अंगणात असताना कोण म्हातारा बैल नांगराला जुंपेल?

उंटावरचा शहाणा

काका, म्हाताऱ्या बैलाचीसुद्धा पोळ्याला पूजा करतात. वर्षातून एक दिवस आमचीही तेवढीच मागणी आहे.

फक्त वाचक

मी या धाग्यावरचा बहुधा सर्वांत लहान सदस्य आहे. माझा जन्म २००५ चा आहे आणि मी सध्या इंदूरलाच अभियांत्रिकी शिकतो. वडिलांकडून या खेळाचे इतके ऐकले होते की मागच्या हिवाळ्यात मी तो उतरवून घेतला आणि प्रामाणिकपणे खेळून पाहिला.

धबधब्याचे दृश्य मला आवडले, जरी तुम्हाला वाटले तितके भव्य ते मला वाटले नाही, कारण त्याहून मोठी दृश्ये पाहतच मी वाढलो आहे. खाणीतल्या दिव्यांनी मात्र मी खरोखर घाबरलो. परंतु चिझ्रा नावाच्या जलदेवतेच्या मंदिरात मी दोन तास फिरत राहिलो, कुठली कळ दाबली म्हणजे कुठले दार उघडते याचा पत्ता लागेना, नकाशा नाही, बाण नाही, काही नाही. शेवटी मी खेळ बंद केला आणि पुन्हा उघडला नाही. तुम्ही ज्याला ‘कोणी सूचना देत नाही’ म्हणता, ते तुमच्याकडे दुसरा खेळ नव्हता म्हणून तुम्हाला गोड लागले असेल का?

शेवबुंदी

प्रश्न झोंबला, परंतु रास्त आहे. आमच्याकडे त्या वर्षी एकूण तीन खेळ होते, आणि त्यांतला एक पत्त्यांचा होता.

तरीही एक सांगते. त्या मंदिरात मीही अडकले होते, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी पाण्याखाली डोकावले तेव्हा वाट सापडली. त्या तीन दिवसांत ते मंदिर मला इतके पाठ झाले की आजही डोळे मिटून त्याचे जिने सांगू शकेन. बाण दाखवला असता तर मी पाच मिनिटांत बाहेर पडले असते आणि पाच मिनिटांतच विसरलेही असते. नव्याने कोणी हा खेळ केला आणि त्यात चमकणारे बाण घातले, तर मी तो घेणार नाही.

दांडियाबाजार

मी बडोद्याचा, परंतु या विषयावर राहवले नाही.

शेवबुंदीताईंचा बाणांवरचा राग मला थोडा टोकाचा वाटतो. बाण नको असेल त्याला बंद करता येईल अशी सोय ठेवली की भांडण मिटते. खरी अडचण वेगळी आहे. जुन्या खेळांचे पुनरागमन कोणत्या रीतीने होते ते आधी पाहावे. ‘ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर’ १९९७ साली जाहीर झाला आणि २०११ साली आला, आणि इतकी वर्षे वाट पाहणाऱ्यांनीच त्याला नाके मुरडली. ‘डूम’च्या बाबतीत तो करणाऱ्यांनी आधी केलेले काम मोडीत काढून पुन्हा पहिल्यापासून मांडणी केली, आणि २०१६ चा ‘डूम’ असा उतरला की जुने आणि नवे दोघेही खूश झाले. तिसरी रीत नाइटडाइव्ह या संस्थेची. २०२१ साली त्यांनी ‘क्वेक’ला हात लावला तो इतक्या जपून, की मूळ खेळच पण चष्म्याचा नंबर बदलून दिल्यासारखे वाटते. २०२३ साली त्यांनी ‘सिस्टीम शॉक’ मात्र सगळाच नव्याने बांधला.

ध्वजचोर यांच्यासाठीही एक कटू उदाहरण आहे. ‘अनरिअल’च्या मूळ रचनाकारांपैकी एक असलेल्या क्लिफ ब्लेझिन्स्की यांनीच पुढे स्वतःची संस्था काढून २०१७ साली ‘लॉब्रेकर्स’ हा आखाड्यातला वेगवान नेमबाजीचा खेळ आणला. पुरेसे खेळाडूच जमले नाहीत, आणि पुढच्याच वर्षी त्याचे सर्व्हर बंद झाले. आठ जणांसाठीच्या खेळाला आठ जण लागतात, आणि एकट्यासाठीच्या खेळाला एकच पुरतो. त्यामुळे आशा धरायचीच असेल, तर धागाकर्त्यांची आशा अधिक व्यवहारी आहे असे माझे मत आहे.

सराफ्याची रात्र

बडोद्याचे लोक हिशेबाला पक्के असतात हे ऐकून होतो, आज वाचले.

ध्वजचोर

दांडियाबाजार यांचा मुद्दा मी अर्धा मान्य करतो. आठ जण मिळत नाहीत हे खरे, परंतु ते मिळत नाहीत याला खेळ जबाबदार नाही. तो तर चालूच आहे, आणि कसा चालू आहे हे इथे अजून कोणीच लिहिले नाही याचे नवल वाटते.

२०२२ च्या डिसेंबरात एपिकने मालिकेतले जुने खेळ विक्रीतून काढून घेतले आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्यांच्या ऑनलाइन सेवा बंद केल्या. त्या रात्री मी मुद्दाम जागा राहून शेवटचा सामना खेळायला बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सवयीने खेळ उघडला तर सर्व्हरांची यादी जशीच्या तशी समोर! ‘ओल्डअनरिअल’ नावाची स्वयंसेवकांची मंडळी आहे. एपिकने त्यांना मूळ कोड पाहण्याची परवानगी दिली आणि त्यांनी ४६९ क्रमांकाचा पॅच, म्हणजे खेळाची दुरुस्ती काढली. एपिकचा स्वतःचा शेवटचा पॅच ४३६ होता, हे जाणकारांना आठवत असेल. या पॅचमुळे १९९९ चा खेळ आजच्या विंडोजवर विनातक्रार चालतो, आणि सर्व्हरांची यादी कंपनीच्या नव्हे तर खेळाडूंनी चालवलेल्या यंत्रांवरून येते. २०२४ च्या नोव्हेंबरपासून ‘अनरिअल गोल्ड’ (मूळ खेळाचीच आवृत्ती) आणि पहिली ‘टूर्नामेंट’ एपिकच्या संमतीने मोफत मिळू लागली आहे. फक्त वाचक, तुम्ही उतरवून घेतलेली प्रत बहुधा तीच असावी.

माझ्याकडे २००४ ची ‘टूर्नामेंट’ही आहे, रीतसर विकत घेतलेली, सहा सीडींची. त्यांतली पाचवी ओरखडली आहे. मी ती वीस वर्षे जपून ठेवली आहे, कारण टाकून दिली तर उरलेल्या पाचांचे काय करायचे हा प्रश्न पडतो.

फक्त वाचक

हो, तीच प्रत आहे.

निवृत्त प्रोग्रामर

ध्वजचोर यांनी पॅचचे सांगितले ते उत्तम, परंतु ही मालिका जिवंत राहण्याचे माझ्या मते खरे कारण तिच्यासोबत आलेला, स्वतःचे नकाशे बांधता येणारा एडिटर हे आहे. टिम स्वीनी यांनी लिहिलेला अनरिअलएड खेळाबरोबरच मिळत असे, आणि ज्याने तो एकदा उघडला तो महिनाभर जेवणाच्या ताटावर उशिरा पोहोचे.

त्याची एक गंमत सांगतो. ‘क्वेक’च्या एडिटरमध्ये जग सुरुवातीला रिकामे असते आणि आपण भिंती उभारत जातो. अनरिअलएडमध्ये उलटे. तिथे सगळे विश्व आधीपासून भरीव असते, एक अखंड दगड समजा, आणि त्यातून आपण पोकळी कोरून काढतो. खोली हवी असेल तर खोलीएवढा दगड वजा करायचा, खांब हवा असेल तर तेवढा भाग परत भरायचा. वेरूळचे कैलास लेणे ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या कार्यालयातला एक मुलगा दोन दिवस हताश होऊन बसला होता, कारण तो भरीव दगडातच भिंती बांधत होता आणि त्याला काहीच दिसत नव्हते.

ध्वजचोर

काका, आता विषय काढलाच आहे तर कबुली देतो. २००३ साली मी त्या एडिटरमध्ये आपला रजवाडा, इंदूरचा तो जुना राजवाडा, बांधायला घेतला होता. एका बाजूला रजवाडा, दुसऱ्या बाजूलाही रजवाडा, मध्ये चौक, आणि दोन्हीकडे एकेक ध्वज. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, हे मी प्रत्यक्ष उभे राहून, वहीत रेखाटून घेतले होते. मग प्रत्येक झरोक्याची नक्षी कोरण्याच्या हट्टाला पेटलो, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचेतो चौकात उभे राहून वर पाहिले की माझे यंत्र सेकंदाला जेमतेम सहा-सात चित्रे दाखवू लागले. वरचे चार मजले राहूनच गेले. फाइल जुन्या हार्ड डिस्कवर कुठेतरी माळ्यावर असेल.

कैदी ८४९

ती फाइल शोधाच. हा धागा मी त्यासाठीच काढला होता असे समजा.

उंटावरचा शहाणा

इंदूरच्या दोन रजवाड्यांपैकी खरा कोणता, यावरूनच पहिले युद्ध होणार.

शेवबुंदी

आणि ध्वज घेऊन पळणारा वाटेत पोहे-जलेबी खायला थांबला, तर तो गद्दार ठरेल का, हेही आधी ठरवून घ्या.

ध्वजचोर

सहा दिवस लागले. डिस्क सापडली, ती जोडण्यासाठी रुंद पट्टीच्या केबलचा अडॅप्टर शोधावा लागला, सुदैवाने सिल्व्हर मॉलमधल्या एका दुकानात तो मिळाला. फाइल शाबूत आहे आणि मी ती धागाकर्त्यांना पाठवली आहे. तीन मजल्यांचा रजवाडा, वर नुसते आभाळ. आजच्या यंत्रावर चौकातून वर पाहिले तरी काही अडत नाही, आणि हे पाहून मला आनंद व्हावा की एवढ्यासाठी वीस वर्षे थांबलो याचे वाईट वाटावे हे कळेना.

कैदी ८४९

फाइल मिळाली आणि काल रात्री उघडली. आधी दहा बॉट सोडले. ते आपापल्या जागी उभेच राहिले, भिंतीकडे तोंड करून, एकही हलेना. तेव्हा लक्षात आले की ध्वजचोर यांनी नकाशात पाथनोड टाकलेलेच नाहीत, आणि ते नसतील तर बॉटला कुठे जायचे ते कळत नाही. मग त्यांना काढून टाकले आणि एकटाच हिंडलो. जिने इतके अरुंद केले आहेत की चढताना दोन्ही खांदे घासतात, दुसऱ्या मजल्यावरच्या एका दालनात तुम्ही तांबडा दिवा लावून ठेवला आहे त्याचे कारण समजले नाही, आणि झरोक्यातून खाली पाहिले तर रिकामा चौक, समोर तसाच दुसरा रजवाडा, आणि कुठेही कोणी नाही. किती वेळ गेला ते कळले नाही. घरच्यांनी दोनदा हाक मारली असे नंतर समजले.

माझा मूळ प्रश्न मी मागे घेत नाही, एपिकने ना पाली परत आणावा असे मला अजूनही वाटते. परंतु काका म्हणतात ते व्हायचे असेल तेव्हा होवो, तोवर वरचे चार मजले बांधायला मला एडिटर शिकावा लागेल असे दिसते. लाकडी भाग मी करतो.

फक्त वाचक

मलाही ती फाइल पाठवाल का? आणि ते मंदिर, पाण्याखाली नेमके कुठल्या बाजूला डोकवायचे, तेही शेवबुंदीताईंनी सांगितले तर बरे होईल.

शेवबुंदी

सांगणार नाही.

ध्वजचोर

तांबडा दिवा चाचणीसाठी लावला होता, काढायचा राहिला. पाथनोड मी रविवारी टाकतो, जिनेही थोडे रुंद करतो. तोवर हवे तेवढे एकट्याने हिंडून घ्या.